नाण्यांची पारख

मराठवाड्यातील बदनापूर हे गाव छत्रपती संभाजीनगर आणि जालना ह्या दोन शहरांना जोडणाऱ्या मार्गावर वसलेले आहे. गावावरून जाणारा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला, तेव्हा हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. निजामाची सत्ता गेली, त्याचे अंमलदार गेले. परंतु त्या काळाची एक लहानशी खूण ह्या भागातील जुन्या घरांतून आजही क्वचित आढळते. देवघरातील डबीत किंवा आजीच्या पेटीत तळाशी एखादा चांदीचा रुपया निघतो. त्याच्या एका बाजूस चार मिनारांची इमारत कोरलेली असते, आणि भोवती अनोळखी लिपीतील वळणदार अक्षरे असतात. हाच हैदराबादचा हाली सिक्का होय.

असे नाणे हाती आले, की पुष्कळदा त्याची दुर्दशाच होते. कोणी ते सराफाकडे नेऊन मोडीच्या भावाने विकतो. कोणी चिंच आणि राख लावून ते तांब्याभांड्यांप्रमाणे लखलखीत घासतो. कोणी त्यास भोक पाडून गळ्यात बांधतो. ह्यांपैकी कोणाच्याही मनात वाईट हेतू नसतो. नाण्याची पारख नसते, एवढेच. एकदा वितळलेले वा घासलेले नाणे पुन्हा पूर्ववत होत नाही, आणि त्याबरोबर त्याने जपलेली माहितीही नाहीशी होते. म्हणून नाण्यांची पारख ही केवळ फावल्या वेळची करमणूक नव्हे. तीत एक जबाबदारीही आहे.

नाणेपारखी माणूस कोणत्याही नाण्याला चार प्रश्न विचारतो. हे नाणे कोणाचे व केव्हाचे? ते अस्सल आहे की बनावट? त्याची अवस्था कशी आहे? आणि त्याचे मोल किती? हे प्रश्न ह्याच क्रमाने विचारावे लागतात. ज्या नाण्याची ओळखच पटलेली नाही, त्याचे मोल ठरवू पाहणे म्हणजे पाया न घालता भिंत उभारणे होय.

नाणे ओळखण्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. एक चांगले भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, बारीक वजन दाखविणारा काटा, एक लोहचुंबक आणि एक वही एवढी सामग्री पुरते. नाणे नेहमी दोन बोटांनी कडेवर धरावे. बोटांना घाम व तेलकटपणा असतो. नाण्याच्या पृष्ठभागास त्यांचा स्पर्श झाला, तर काही महिन्यांनी तेथे बोटांचे ठसे कायमचे उमटतात. खाली मऊ कापड पसरलेले असावे, म्हणजे नाणे हातातून निसटले तरी त्यास इजा होत नाही. मग त्याची एक बाजू, दुसरी बाजू व कड अशा तिन्ही गोष्टी सावकाश पाहाव्या. नवशिके लोक कडेकडे पाहण्यास विसरतात. पण जाणकाराला तीच कड पुष्कळ काही सांगते.

हाली रुपयाचे उदाहरण घेऊ. त्यावरील इमारत म्हणजे हैदराबादचा प्रसिद्ध चारमिनार. हे चित्र विसाव्या शतकाच्या आरंभी नाण्यांवर आले. चारमिनाराच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते. ते ‘मीम’ असेल, तर नाणे निजाम महबूब अली खान ह्याचे. ते ‘ऐन’ असेल, तर नाणे १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अली खान ह्याचे. दोघांच्याही नावांची ही आद्याक्षरे आहेत. ह्या एका अक्षरावरून राज्यकर्ता कळतो. भोवतालच्या लेखात ‘निजाम-उल्-मुल्क आसफ जाह बहादुर’ हा किताब असतो, आणि त्याबरोबर ९२ हा आकडाही असतो. हा आकडा पाहून पुष्कळांना ते नाण्याचे वर्ष वाटते, पण तसे नाही. अरबी लिपीत प्रत्येक अक्षरास एक संख्या ठरलेली आहे. मुहंमद ह्या नावातील अक्षरांच्या संख्या ४०, ८, ४० व ४ अशा असून त्यांची बेरीज ९२ होते. मागील बाजूस किंमत, टाकसाळीचे नाव आणि राजा गादीवर आल्यापासूनचे वर्ष दिलेले असते. टाकसाळीचे नाव ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’ असे असते. फर्खुंदा बुनियाद म्हणजे शुभ पायावर उभारलेले.

नाण्यावरील मुख्य वर्ष हिजरी सनाचे असते. ते वाचण्यापूर्वी त्या लिपीतील अंक ओळखता आले पाहिजेत. एक हा अंक म्हणजे उभी रेघ. पाच हा अंक पोकळ बदामासारखा दिसतो. सात म्हणजे वर उघडलेला कोन आणि आठ म्हणजे तोच कोन उलटा. शून्याच्या जागी केवळ एक ठिपका असतो. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ते आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून हिजरी सनास ९७ ने गुणून १०० ने भागावे, आणि येणाऱ्या संख्येत ६२२ मिळवावे, म्हणजे इसवी सन जवळजवळ बरोबर मिळतो. नाण्यावर १३३७ असेल, तर १३३७ ला ९७ ने गुणून १०० ने भागल्यावर १२९६.८९ येतात, त्यांत ६२२ मिळविले की १९१८.८९ होतात. म्हणजे ते नाणे १९१८ च्या अखेरीपासून १९१९ पर्यंतच्या काळातले ठरते. पहिले महायुद्ध ज्या सुमारास संपले, त्या सुमारास ते टाकसाळीतून बाहेर पडले. एका साध्या गुणाकाराने घरातील अनोळखी वस्तू इतिहासात आपल्या जागी जाऊन बसते.

त्या काळी हाली सिक्क्याचा एक शेजारीही होता. ब्रिटिश सरकारचा रुपया यंत्रावर पाडलेला असे. ‘कल’ म्हणजे यंत्र, म्हणून लोक त्यास कलदार म्हणत. हाली म्हणजे चालू, प्रचलित. निजामाच्या मुलखात हाली व त्याच्या हद्दीपलीकडे कलदार अशी दोन नाणी शेजारी शेजारी नांदत होती. सोळा आण्यांचा रुपया दोन्हीकडे होता, परंतु दोहोंचे मोल सारखे नव्हते. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये असा हिशेब होता. १९५० साली हैदराबादेत भारतीय रुपया आला, तेव्हाही हेच प्रमाण धरण्यात आले. हे प्रमाण कोठून आले असावे, ते काटा व थोडे गणित सांगू शकते. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम असून त्यात शेकडा सुमारे ८२ भाग चांदी असे. कलदार रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असून त्यात १९३९ पर्यंत शेकडा सुमारे ९२ भाग चांदी असे. म्हणजे एका हालीत सुमारे ९.१५ ग्रॅम आणि एका कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. सात हाली रुपयांतील चांदी सुमारे ६४ ग्रॅम होते, आणि सहा कलदार रुपयांतील चांदीही सुमारे ६४ ग्रॅमच होते! बाजारातील व्यवहार नाण्यावरील चित्रापेक्षा त्यातील धातूकडे किती बारकाईने पाहत असे, हे ह्या हिशेबावरून दिसून येते.

बदनापूरच्या परिसरात ह्याहून जुनी नाणीही घडली. पूर्वीच्या औरंगाबादेत मोगलांची टाकसाळ होती. तेथील रुपयांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ असे नाव आढळते. दौलताबादेस तर एका विलक्षण प्रयोगाचा इतिहास आहे. १३३० च्या सुमारास सुलतान मुहंमद तुघलकाने पितळेची व तांब्याची नाणी पाडून ती चांदीच्या टंक्याच्या भावाने चालविण्याचा हुकूम काढला. त्यांपैकी काही नाण्यांवर दौलताबादचे नाव आहे. हलक्या धातूचे नाणे कोणालाही घरी पाडता येऊ लागले, बनावट नाण्यांचा सुळसुळाट झाला, आणि दोन-तीन वर्षांतच सुलतानाला ती नाणी मागे घ्यावी लागली. आज ती नाणी संग्राहकाच्या हाती येतात, तेव्हा ती एका फसलेल्या राजाज्ञेची साक्ष देतात.

छत्रपती शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई तर महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेली होती. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. मात्र ही अक्षरे प्रत्येक नाण्यावर पूर्ण सापडतीलच असे नाही. त्या काळी तापविलेला तांब्याचा तुकडा ठशावर ठेवून त्यावर हातोड्याचा घाव घालीत. ठसा मोठा आणि तुकडा लहान असल्यामुळे काही अक्षरे नाण्याबाहेर पडत. एका नाण्यावर ‘राजा’ स्पष्ट दिसते, तर दुसऱ्यावर ‘शिव’. अशी चार-पाच नाणी शेजारी ठेवली, म्हणजे संपूर्ण लेख जुळतो. अर्धवट अक्षरे हा हाताने पाडलेल्या नाण्याचा दोष नव्हे, तो त्याच्या घडणीचा स्वभाव आहे.

आता दुसरा प्रश्न. नाणे खरे की खोटे? पूर्वीचे दुकानदार रुपया दगडावर आपटून पाहत. खरा रुपया खणखणीत वाजे, खोटा बद्द वाजे. त्यावरूनच ‘नाणे खणखणीत असणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. संग्राहकाने मात्र जुने नाणे आपटू नये, कारण त्याच्या कडेस खोक पडते. त्याने वजनापासून आरंभ करावा. वापराने झिजून कलदार रुपया थोडासा हलका झालेला असू शकतो. परंतु तो दीड-दोन ग्रॅमांनी कमी भरला, तर शंका घ्यावी. बनावट नाणे पुष्कळदा साच्यात धातू ओतून केलेले असते. भिंगातून पाहिल्यास त्याच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, आणि कडेवर साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा रेषेसारखा दिसतो.

ह्याहून खात्रीची एक कसोटी पदार्थविज्ञानाने दिली आहे. नाण्याचे प्रथम कोरडे वजन करावे. नंतर ते बारीक दोऱ्याने काट्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवावे आणि पुन्हा वजन करावे. पाण्यात वजन कमी भरते. कोरड्या वजनास ह्या घटीने भागले, म्हणजे धातूची घनता कळते. शुद्ध चांदीची घनता १०.५ आहे, जुन्या कलदार रुपयाची सुमारे १०.३ येते. म्हणजे ११.६६ ग्रॅमचा खरा रुपया पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने हलका होतो. तेवढ्याच वजनाचे पितळेचे नाणे सुमारे १.३७ ग्रॅमने हलके होईल, कारण पितळेची घनता साधारण ८.५ असते. वरून चांदीचा मुलामा कितीही चकचकीत दिला, तरी पाण्याला फसविता येत नाही. लोहचुंबकाचाही असाच उपयोग होतो. चांदी चुंबकास चिकटत नाही. परंतु १९४७ सालचा, वाघाचे चित्र असलेला रुपया निकेल धातूचा असल्यामुळे चिकटतो.

तिसरा प्रश्न अवस्थेचा. एकाच वर्षाची, एकाच टाकसाळीतील दोन नाणी घेतली, तरी त्यांची अवस्था भिन्न असते. एक टाकसाळीतून निघाल्यापासून पेटीत राहिलेले, तर दुसरे पन्नास वर्षे बाजारातून हिंडलेले. नाण्याची झीज प्रथम त्याच्या सर्वांत उंच भागांवर होते, कारण तेच भाग इतर नाण्यांवर आणि खिशांच्या कापडावर घासले जातात. राजाच्या मुखवट्याच्या नाण्यावर भुवई, गाल आणि मुकुटाची पट्टी आधी पाहावी. १९५० पासूनच्या भारतीय नाण्यांवर अशोकस्तंभावरील सिंहांची आयाळ व नाके पाहावी. चारमिनाराच्या नाण्यावर इमारतीचे बारीक नक्षीकाम आधी बोथट होते.

ह्या झिजेवरून संग्राहकांनी काही पायऱ्या ठरविल्या आहेत. जे नाणे चलनात फिरलेच नाही, ज्यावर झिजेचा लेशही नाही आणि टाकसाळीतील मूळचे तेज आहे, ते पहिल्या पायरीवर येते. त्यास अनसर्क्युलेटेड असे म्हणतात. केवळ अत्यंत उंच टोकांवर झिजेची पुसट खूण असेल, तर ते एक्स्ट्रीमली फाइन होय. बारीक रेषा काही ठिकाणी बुजल्या असून मोठे भाग स्पष्ट असतील, तर व्हेरी फाइन. सर्व उंच भाग सपाट झाले, तरी अक्षरे सुवाच्य असतील, तर फाइन. चित्राची केवळ बाह्याकृती उरली असेल आणि वर्ष कष्टाने वाचता येत असेल, तर ते गुड. ‘गुड’ म्हणजे चांगले; पण संग्राहकांच्या भाषेत हे ‘चांगले’ नाणे जवळजवळ शेवटच्या पायरीवर असते, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे! १९४९ साली अमेरिकेतील विल्यम शेल्डन ह्यांनी ह्याच कामासाठी १ पासून ७० पर्यंत गुण देण्याची पद्धत मांडली. अगदी झिजलेल्या, कसेबसे ओळखू येणाऱ्या नाण्यास १ गुण आणि निर्दोष नाण्यास ७० गुण. आज जगभर ही पद्धत वापरली जाते.

झिजेशिवाय इतर इजाही नोंदवाव्या लागतात. महाराष्ट्रात नाण्यांचे दागिने करण्याची चाल जुनी आहे. पुतळ्यांच्या माळेतील पुतळ्या मुळात व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यांवरून आलेल्या आहेत. दागिन्यासाठी नाण्यास कडी जोडलेली असली, किंवा ती काढून टाकल्याचा डाग राहिलेला असला, तर संग्राहक त्याचे मोल कमी धरतो. भोकाचीही हीच गोष्ट. परंतु येथे घाई करू नये. १९४३ ते १९४७ ह्या काळातील पैशाच्या मध्यभागी टाकसाळीतच गोल भोक पाडलेले असे. ते भोक म्हणजे इजा नव्हे. उलट भोक नसलेला तसा पैसा कोणी दाखविला, तर त्याकडेच संशयाने पाहावे.

अवस्था बिघडविणारा सर्वांत मोठा शत्रू मात्र काळ नसून माणसाची स्वच्छतेची हौस हा आहे. चांदीवर कालांतराने काळसर, निळसर छटा चढते; तांब्यावर तपकिरी वा हिरवट थर धरतो. हा थर मळ नव्हे. हवेशी संथपणे संयोग होऊन तो बनलेला असतो, आणि खालच्या धातूवर पांघरुणासारखा पसरून त्यास जपतो. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन ह्यांनी घासले, की हे पांघरूण जाते आणि त्याबरोबर धातूचा एक पापुद्राही जातो. मग भिंगाखाली असंख्य ओरखडे दिसतात. घरच्यांना असे नाणे सुंदर वाटते, पण जाणकाराच्या दृष्टीने त्याने आपला चेहरा गमावलेला असतो. नाण्याला माती चिकटलेली असेल, तर ते स्वच्छ पाण्यात काही वेळ ठेवावे आणि मऊ कापडाने न घासता टिपून घ्यावे. ह्यापलीकडे काहीही करू नये.

आता शेवटचा प्रश्न, मोलाचा. जितके नाणे जुने तितके ते महाग, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. सातवाहनांची काही साधी नाणी अठराशे वर्षांपूर्वीची असूनही पुष्कळ सापडतात, म्हणून बेताच्या किमतीत मिळतात. उलट १९३९ सालचा कलदार रुपया शंभर वर्षांचाही झालेला नाही, तरी संग्राहक त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजतात. कारण त्या वर्षाचे रुपये फारच थोडे उपलब्ध आहेत. पुढच्याच वर्षापासून रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणण्यात आले. नाण्याचे मोल चार गोष्टींवर ठरते. त्यात धातू किती, तशी नाणी शिल्लक किती, त्याची अवस्था कशी, आणि ते हवे असणारे लोक किती. ह्यांपैकी धातूचे मोल सर्वांत सोपे. वजनास शुद्धतेने गुणावे आणि त्या दिवशीच्या भावाने किंमत काढावी. नाण्याचा भाव ह्याच्या खाली सहसा जात नाही. बाकीच्या तीन गोष्टी त्यावर किती भर घालतात, ते पाहण्यासाठी लिलावांच्या सूचींचा अभ्यास करावा. त्यातही विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नये. प्रत्यक्षात मिळालेली किंमत धरावी.

दुर्मिळता कशी निर्माण होते, ह्याची एक गमतीदार कथा आहे. १९११ साली पंचम जॉर्ज राजाचा नवा रुपया निघाला. त्यात राजाच्या वस्त्रावरील साखळीत एक लहानसा हत्ती होता. परंतु त्याची सोंड इतकी आखूड व पाय इतके जाड दिसत, की पाहणाऱ्यांस तो डुकरासारखा वाटू लागला. लोकांत नाराजी पसरली. सुमारे ९४ लाख रुपये पाडलेले होते. त्यांपैकी सुमारे ७ लाखच लोकांच्या हाती गेले होते. उरलेले बहुतेक वितळविण्यात आले, आणि १९१२ च्या नाण्यावर हत्तीला लांब सोंड व मोठे कान देण्यात आले. चुकलेला ठसा थोड्याच नाण्यांवर राहिला, म्हणून तो मोलाचा ठरला.

जेथे मोल असते, तेथे लबाडीही येते. ‘अमुक चित्राचे नाणे द्या आणि लाखो रुपये मिळवा’ अशा जाहिराती पाहून लोक भुलतात. नाणे विकण्यापूर्वी त्यांच्याकडूनच काही शुल्क मागितले जाते, आणि पैसे भरल्यावर गिऱ्हाईक नाहीसे होते. भारतीय रिझर्व्ह बँकेचे नावही अशा फसवणुकीत वापरले जाऊ लागले, तेव्हा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेस सावध केले, की जुन्या नाण्यांच्या व नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. ज्यास पारख आहे, त्यास असल्या जाहिरातींचे भय नाही. कारण कोट्यवधींनी पाडलेले साधे नाणे लाखाला जाणार नाही, हे तो जाणतो.

परंतु नाण्याचे एक मोल असे आहे, की ते रुपयांत सांगताच येत नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. त्यात १३,००० हून अधिक नाणी होती. ती क्षत्रप राजा नहपान ह्याची होती. त्यांवर त्याचा मुखवटा होता. पण त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसरा एक ठसा मारलेला आढळला. तो ठसा होता गौतमीपुत्र सातकर्णीचा. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. नहपान ज्या क्षहरात वंशातील होता, त्या वंशाचा आपल्या पुत्राने उच्छेद केला, असे त्यात म्हटले आहे. त्या कथनाला जमिनीतून निघालेल्या नाण्यांनी साक्ष दिली. जिंकलेल्या राजाचे चलन गोळा करून विजेत्याने त्यावर आपली मुद्रा उमटविली होती. तो साठा सापडताच वितळविला गेला असता, तर चांदीच्या काही लगडी तेवढ्या मिळाल्या असत्या, आणि महाराष्ट्राच्या इतिहासातील एक भक्कम पुरावा कायमचा नाहीसा झाला असता.

म्हणूनच जमिनीत सापडलेल्या ठेव्याविषयी कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास, सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविले पाहिजे. ठेवा सरकारने ठेवून घेतल्यास मोबदला देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. ठेवा लपविल्यास मात्र शिक्षा होते. शेत नांगरताना किंवा विहीर खणताना मडके लागले, तर त्यातील नाणी वाटून न घेता ती जेथे व जशी सापडली तशीच राहू द्यावी. कोणते नाणे कोणत्या नाण्याशेजारी, किती खोल आणि कशा भांड्यात होते, ह्यावरूनच ती केव्हा पुरली गेली हे अभ्यासकांस ठरविता येते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी ही पुरावस्तू गणली जातात, आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत.

नाण्यांचा संग्रह करण्यास श्रीमंती लागत नाही. आरंभ रोजच्या सुट्या पैशांपासूनच करावा. नाण्यावरील वर्षाखाली पाहिले, की टाकसाळीची खूण सापडते. हिरकणीसारखी चौकोनी खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. १ एप्रिल १९५७ रोजी भारताने दशमान पद्धत स्वीकारली. तेव्हा रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले, आणि १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गळाला. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. चवली, पावली, आणा, पै ही नावेही आता बोलण्यातच उरली आहेत. घरातील वडीलधाऱ्यांकडे ह्यांतले काय काय निघते, ते विचारावे. प्रत्येक नाणे कागदाच्या वेगळ्या पाकिटात कोरड्या जागी ठेवावे, आणि वहीत त्याचे वर्ष, धातू, वजन, व्यास, टाकसाळ, अवस्था व ते कोणाकडून मिळाले ही माहिती लिहावी. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. नाण्यावरील लेख वाचणारे पुढेही भेटतील. परंतु ते नाणे कोणाच्या पेटीत होते आणि त्या माणसाने ते का जपून ठेवले होते, हे आज लिहिले नाही, तर उद्या कोणीही सांगू शकणार नाही.

ज्यांना ह्या विषयाचा अधिक अभ्यास करावयाचा असेल, त्यांच्यासाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाण्यांचे दालन व रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनास वाहिलेली संस्था आहे. पण पारखीची पहिली शाळा घरीच भरते. बदनापूरच्या एखाद्या घरातील चारमिनाराचा रुपया हातात घेऊन जो मुलगा वा मुलगी त्यावरील सन वाचते, काट्यावर त्याचे वजन करते आणि तो न घासता पुन्हा पाकिटात ठेवते, त्या मुलाला किंवा मुलीला तो रुपया निव्वळ चांदीचा तुकडा राहत नाही. तो गेलेल्या काळाचा दस्तऐवज होतो, आणि तो पुढच्या पिढीपर्यंत सुखरूप पोचतो.

स्वाध्याय

१. हाली रुपया कोणत्या निजामाचा आहे, हे कशावरून ओळखावे?
२. नाण्यावर हिजरी सन १३६२ आहे. त्याचा इसवी सन काढा.
३. सात हाली रुपये सहा कलदार रुपयांबरोबर का धरले जात, ते गणित करून दाखवा.
४. जुने नाणे घासून स्वच्छ का करू नये?
५. ‘सर्वांत जुने नाणे सर्वांत मोलाचे’ हे विधान बरोबर आहे काय? उदाहरणे देऊन उत्तर लिहा.
६. घरात मिळतील ती दहा नाणी घेऊन प्रत्येकाची टाकसाळ शोधा व वहीत नोंद करा.